औरंगजेब, हिटलर, नथुराम... असले रोल करायला माणूस हो कसं म्हणतो?

विन्या_दादरकर

प्रश्न साधा आहे पण पटेल असं उत्तर कुठे मिळालं नाही म्हणून इथे टाकतोय. अक्षय खन्नाला काही खायची भ्रांत नाही. नाव आहे, बापाचंही नाव आहे, मनात आलं तर काम करतो नाहीतर वर्षवर्ष गायब. अशा माणसाकडे दिग्दर्शक उतेकर जातात, सांगतात छावामध्ये औरंगजेब कर, आणि तो हो म्हणतो. म्हणजे ज्या पिक्चरातून लोक रडत बाहेर येणार, थेटरात उभं राहून गारद म्हणणार, त्याच पिक्चरात तू तो माणूस ज्याचं नुसतं नाव घेतलं तरी आमच्याकडे तोंडात शिवी येते. भरूचला तर छळाचा सीन चालू असताना एक जण उठला आणि पडदाच फोडला, बातमी आलेली सगळीकडे. हे असं होऊ शकतं हे माहीत असून हो?

आता कोणी म्हणेल व्हिलन तर सगळेच करतात. पण गब्बर आणि मोगँबो कागदावर जन्मले, त्यांचे डायलॉग आपण वाढदिवसाच्या केकवर लिहितो. मी बोलतोय खऱ्या होऊन गेलेल्या माणसाबद्दल, ज्याने खरी माणसं मारली आणि ज्याच्या कबरीवरून मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली. तो अंगावर चढवायचा, त्याची दाढी लावून आरशात बघायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवायचं, हे कसं जमतं?

कृपया 'पैसा' एवढंच लिहून पळू नका. पैसा हीरोच्या रोललाही मिळतो.

गावठी_समीक्षक

पैसा.

(पळालो नाही, जेवून येतो, मग सविस्तर.)

तिसरी_घंटा

विन्या, प्रश्न उलटा करून बघ. औरंगजेब करणाऱ्याचं सोड, महाराज किंवा शंभूराजे करणाऱ्या नटाला काय काय करता येत नाही त्याची यादी कर.

घाबरता येत नाही. चिडलास तर न्यायासाठीच चिडायचं. दमलेला, कंटाळलेला, निर्णय चुकलेला असा दिसायचं नाही. छावाचाच ट्रेलर आठव, जानेवारीत आला, त्यात विकी कौशल आणि रश्मिका लेझीम खेळताना दिसले तर केवढा गहजब झाला, शेवटी उतेकरांनी राज ठाकरेंची भेट घेतली आणि तो भाग काढून टाकला. लेझीम! आपल्या प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला असते ती लेझीम. राजांनी ती खेळलेली चालत नाही, मग नटाने करायचं काय, तर छाती पुढे, नजर वर, आवाज वरच्या पट्टीत, आणि घोड्यावरून न पडणं. मी विकीला नावं ठेवत नाहीये, त्या चौकटीत त्याने जीव तोडून काम केलंय. पण चौकट आहे आणि ती नटाने घातलेली नाही, आपण सगळ्यांनी मिळून घातलीय.

आता समोरच्याला बघ. औरंगजेबाने काय करावं याबद्दल कुणाची काही मागणीच नाही. तो खोकला तरी चालतो, थकला तरी चालतो, पोटच्या पोराला भ्यायला तरी चालतो, कोणी मोर्चा काढत नाही. आणि माणूस म्हणून मटेरियल केवढं आहे बघ ना. जन्म १६१८ चा, म्हणजे १६८९ मध्ये संभाजीराजांना मारलं तेव्हा सत्तरीचा म्हातारा. बापाला कैदेत टाकलेला, भावांना संपवलेला, स्वतःचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्याच आश्रयाला गेलेला. मराठ्यांना चुटकीसरशी संपवू म्हणून साठी उलटल्यावर दख्खनेत उतरला आणि नंतर पंचवीस वर्षं तंबूत काढली, दिल्ली काही परत दिसली नाही, १७०७ ला इथेच नगरजवळ भिंगारला मेला. सगळं जिंकत चाललाय आणि हातात काहीच राहत नाहीये. हे वाचून ज्या नटाच्या अंगावर काटा येत नाही त्याने दुसरा धंदा बघावा.

म्हणून अक्षय खन्नाने काय केलं तर फारसं काही केलंच नाही. बसला. आवाज खाली ठेवला. डोळे वर करायला वेळ घेतला. एवढा कमी वेळ पडद्यावर असून तो लक्षात राहतो कारण त्या पिक्चरात ओरडत नसलेला तो जवळजवळ एकटाच होता.

आमच्या हौशी ग्रुपमध्ये एकदा ऐतिहासिक बसवायचं ठरलेलं, महाराज करायला कोणी पुढे येईना, सगळ्यांना अफजलखान हवा होता. तेव्हापासून माझं हे मत आहे.

कमळाकर_बार्शी

तिसरी_घंटा यांना +१. यात ओम पुरींचं नाव राहिलं. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज आणि ओम पुरी औरंगजेब, आणि तेच ओम पुरी अल्लाउद्दीन खिलजीपण. चेहऱ्यावर देवीचे व्रण, आवाज असा की दिवाणखान्यातला टीव्ही हलायचा. तेव्हा कोणी त्यांना शिव्या घातल्याचं मला तरी आठवत नाही, उलट आमचे वडील म्हणायचे बादशहा असावा तर असा.

मराठी मालिकांतही बघा, 'राजा शिवछत्रपती'मध्ये यतीन कार्येकरांनी औरंगजेब केला आणि तो भलताच हुशार वाटायचा. शत्रू हुशार दाखवला की महाराज आपोआप मोठे होतात हे साधं गणित काही लोकांना कळत नाही.

गावठी_समीक्षक

जेवलो. आता ऐका.

तिसरी_घंटा यांचं स्वातंत्र्याचं वगैरे छान आहे पण ते अर्धंच खरं. स्वातंत्र्य असतं, आणि आपले बहुतेक नट त्या स्वातंत्र्याचं काय करतात तर डोळ्यात काजळ घालतात आणि हाताने मटण फाडून खातात. पद्मावत बघा. अल्लाउद्दीन खिलजी हा बाजारभाव बांधून देणारा, मंगोलांना परतवून लावणारा, ज्याच्या दरबारात अमीर खुसरो होता असा सुलतान. पडद्यावर कोण आहे तर केस पिंजारलेला, सतत भुकेला, नाचणारा प्राणी. रणवीरने केला धमाल, नाकारत नाही, पण त्याला खिलजी नाही, राक्षस करायला दिला होता आणि राक्षस करणं सोपं असतं. त्याबद्दल त्याला समीक्षकांनी निवडलेलं फिल्मफेअर मिळालं, बेस्ट अॅक्टरचं, हां, म्हणजे सहाय्यक नाही खलनायक नाही, मुख्य नटाचं! शाहिद कपूर राजपूत राजा होऊन ताठ मानेने मेला, त्याला काय मिळालं तर मणक्याला ताण.

तान्हाजीचंही तेच. उदयभान राठोड सैफने केला, सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर घेऊन गेला. आणि विन्या तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर सैफनेच दिलंय, पिक्चर लागल्या लागल्या एका मुलाखतीत म्हणाला की यात दाखवलाय तो इतिहास आहे असं मला काही वाटत नाही, पण रोल इतका चविष्ट होता की केला. लोक तुटून पडले त्याच्यावर. मला उलट आवडलं. बाकीचे नट अशा वेळी 'मी पात्राच्या अंतरंगात उतरलो' वगैरे सांगत बसतात.

आणि बाहेर बघा, फॉरेस्ट व्हिटेकर. इतकी वर्षं बिचारा चांगली कामं करतोय, कोणी विचारत नाही. २००६ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन केला, त्यासाठी स्वाहिली शिकला, अकॉर्डियन शिकला, युगांडात जाऊन अमीनच्या नातेवाइकांना भेटला, आणि सरळ ऑस्कर. संतपणाला बक्षीस कमी आणि सैतानाला जास्त, असा हा धंदा आहे. पैसा म्हणालो ते याच अर्थाने.

अवांतर: पद्मावतचा सेट आपल्या कोल्हापूरजवळ पन्हाळ्याच्या मसाई पठारावर रात्री जाळला होता, मार्च २०१७. नटाला काही झालं नाही. जळलं काय तर कपडे, सामान आणि जनावरांचा चारा. मार कायम खालच्या माणसालाच पडतो.

म्युनिकची_मंजू

मी इकडे जर्मनीत असते म्हणून हिटलरबद्दल लिहिते, कारण इथे हा प्रश्न आपल्यापेक्षा फार जड आहे. औरंगजेबाला तीनशे वर्षं झाली. इथे अजून लोकांच्या कपाटात आजोबांचे फोटो आहेत गणवेशातले.

२००४ मध्ये 'डेर उंटरगांग' आला, तोच तो बंकरवाला, ज्याच्यावरून 'हिटलर चिडतो' मीम निघाली आणि तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केली. त्यात हिटलर केला ब्रुनो गान्झने. हा मूळचा स्विस, जर्मन रंगभूमीवरचा फार मोठा माणूस, आणि त्याआधी लोकांना तो माहीत होता एका देवदूताच्या रोलसाठी, विम वेंडर्सच्या १९८७ च्या सिनेमातला. देवदूताने हिटलर करायचा. त्याने लगेच हो म्हटलं नव्हतं, बरेच आढेवेढे घेतले. मग तयारी काय केली तर एका हॉस्पिटलमध्ये जाऊन पार्किन्सन्सचे पेशंट बघितले, पाठीमागे धरलेला तो थरथरता हात तिथून आलाय. आणि एक रेकॉर्डिंग ऐकलं. हिटलरचे भाषणाचे आवाज ढिगाने आहेत पण साध्या गप्पा मारतानाचा आवाज जवळजवळ नाहीच, एकच अकरा मिनिटांची टेप आहे, जून १९४२ मध्ये तो फिनलंडला तिथल्या सरसेनापती मानरहाइमच्या वाढदिवसाला गेला होता तेव्हा फिनिश रेडिओच्या माणसाने गुपचूप केलेली. त्यात तो एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरसारखा खालच्या आवाजात रडगाणं गातोय, रशियाकडे इतके रणगाडे असतील असं वाटलं नव्हतं वगैरे. गान्झने तो आवाज उचलला.

त्यामुळे पडद्यावर काय झालं तर हिटलर सेक्रेटरीशी सौम्यपणे बोलतो, स्वयंपाकिणीचं कौतुक करतो, कुत्रीला कुरवाळतो. आणि इथे भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली असा माणूस दाखवू नका, दया येते. वेंडर्सने स्वतः वर्तमानपत्रात लांबलचक लेख लिहून सिनेमावर टीका केली, की याला स्वतःची काही भूमिकाच नाही. दुसरी बाजू म्हणाली की राक्षस म्हणून दाखवला तर मग बाकीचे कोट्यवधी जर्मन सुटले ना, आमच्या आजोबांना राक्षसाने झपाटलं होतं, त्यांचा काय दोष! मला दुसरी बाजू पटते.

तेव्हा विन्या, काही नट हो म्हणतात ते यासाठी, की कोणीतरी हा माणूस माणूस म्हणून दाखवला पाहिजे. आणि काही वर्षानुवर्षं नाहीच म्हणतात. झांड्रा ह्युलर ही इथली आत्ताची सगळ्यात मोठी नटी, नाझी करायचंच नाही असं तिचं ठरलेलं होतं, २०२३ च्या 'झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये आउशवित्झच्या कमांडंटची बायको केली ती बऱ्याच विचारानंतर.

विन्या_दादरकर

मंजूताई, हे भारी आहे, टेपचं माहीतच नव्हतं. पण एक शंका. माणूस म्हणून दाखवायचा हे बोलायला ठीक, पण ज्यांनी भोगलं त्यांचं काय? नटाला स्वातंत्र्य मिळालं, समीक्षकाला चर्चा मिळाली, त्यांना काय मिळालं?

म्युनिकची_मंजू

याचं उत्तर माझ्याकडे नाही, प्रसंग एक आहे. 'शिंडलर्स लिस्ट'च्या वेळी राल्फ फाइन्स हा आमोन ग्योटच्या वेषात सेटवर उभा होता. ग्योट म्हणजे क्राकुवजवळच्या प्लाशोव छावणीचा कमांडंट, १९४६ मध्ये फाशी गेला. त्या छावणीतून वाचलेल्या एक बाई सेटवर आल्या होत्या, त्यांची फाइन्सशी ओळख करून दिली आणि त्या लटलट कापायला लागल्या. त्यांना नट दिसलाच नाही. फाइन्स त्या वेळी तिशीतला, फारसं नाव नसलेला मुलगा. त्याला हे प्रशस्तिपत्र वाटलं असेल की आपण हे काय करतोय असं वाटलं असेल, मला सांगता येत नाही.

सोलापुरी_चादर

सगळे औरंगजेब आणि हिटलरवर सुटलेत कारण ते सोपे आहेत, त्यांच्या बाजूने इथे कोणी भांडणार नाही. धाग्याच्या नावात नथुराम आहे त्याचं कोणीच बोलेना, मी बोलतो.

आमच्या सोलापुरात वाढलेला अतुल कुलकर्णी घ्या. 'गांधी विरुद्ध गांधी' नाटकात त्याने गांधी केले. आणि नंतर २००० मध्ये कमल हासनच्या 'हे राम'मध्ये श्रीराम अभ्यंकर केला, जो हीरोला गांधींना मारायला तयार करतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सिनेमात नथुराम होते शरद पोंक्षे, ज्यांचं नथुरामवरचं नाटक १९९८ मध्ये आल्या आल्या बंद पडलं होतं आणि कोर्टकचेरी होऊन काही वर्षांनी परत उभं राहिलं. आता हे दोघं बघा. एकाने गांधीही केले आणि गांधींना मारायला निघालेला माणूसही, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या कामाला लागले. दुसऱ्याने नथुराम केला आणि तो पुढे स्टेजबाहेरही त्याच विचारांबद्दल बोलत राहिला, त्यामुळे लोकांच्या डोक्यात नट आणि रोल यात फटच उरली नाही. असा रोल हाच सगळ्यात अवघड प्रकार आहे, कारण इथे नट हो का म्हणाला याचं उत्तर 'मला पटतं म्हणून' असंही असू शकतं.

आणि तिसरे डॉ. अमोल कोल्हे. हा माणूस महाराष्ट्राला माहीत कशामुळे तर आधी शिवाजी महाराज आणि मग संभाजी महाराज. २०१७ मध्ये कधीतरी एका हिंदी सिनेमात नथुरामचं काम करून ठेवलं. सिनेमा डब्यात गेला. हे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून शिरूरचे खासदार झाले. आणि जानेवारी २०२२ मध्ये, गांधींच्या पुण्यतिथीच्या तोंडावर, तो सिनेमा ओटीटीवर! आव्हाडांनी उघड विरोध केला, पवारसाहेबांनी कलाकार म्हणून सांभाळून घेतलं, आणि कोल्हे आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन आत्मक्लेश करून आले. तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की भूमिका केली म्हणजे विचार मान्य केला असं नाही. बरोबरच आहे. पण मग महाराजांच्या भूमिकेमुळे जी मतं मिळाली ती कशी घेतली साहेब? तिथे मात्र नट आणि रोल एकच बरे!

संपादक

राजकीय उणीदुणी इथे थांबवा. विषय अभिनयाचा आहे. नाहीतर धागा वाचनमात्र करावा लागेल.

गावठी_समीक्षक

सोलापुरी_चादर, शेवटचे दोन वाक्य फ्रेम करून लावतो. ही पोस्ट उडायच्या आत वाचा रे सगळ्यांनी.

तिसरी_घंटा

राजकारण सोडून बोलतो. चादरभाऊंच्या यादीत चिन्मय मांडलेकर टाका, माझा मुद्दा त्याच्यामुळे पक्का होतो. या माणसाने 'काश्मीर फाइल्स'मध्ये तो अतिरेकी बिट्टा केला, 'गांधी गोडसे एक युद्ध'मध्ये नथुराम केला, आणि दिग्पाल लांजेकरच्या फर्जंद, फत्तेशिकस्त, पावनखिंड, शेर शिवराजमध्ये महाराज केले. यातला कुठला रोल त्याने सोडला? महाराजांचा! एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की यापुढे महाराज करणार नाही, कारण मुलाच्या 'जहांगीर' या नावावरून घरच्यांना भयंकर ट्रोल केलं, आणि त्यातला सूर हा की महाराज करतोस आणि पोराचं नाव असं? अतिरेकी करून नाही, नथुराम करून नाही, महाराज करून ही वेळ आली. विन्या, धोका कुठल्या रोलमध्ये जास्त आहे ते आता तूच सांग.

आणि छावाच्या वेळी संतोष जुवेकर बोलला ते आठवतं का, की सेटवर मी अक्षय खन्नाकडे बघितलंपण नाही कारण तो औरंगजेब करत होता. भावना आपण समजू शकतो. पण लोकांनी ट्रोल कोणाला केलं? औरंगजेबाला नाही, मावळ्याला! रोज त्याच्यावर मीम. म्हणजे पब्लिकला नट आणि पात्र वेगळं कळतं, फक्त कधी कळून घ्यायचं ते ती ठरवते.

ध_चा_मा_काकू

मुलांनो सगळे पुरुषांवरच बोलताय. आमच्या खलनायिकांचं काय?

आपल्या इतिहासात बाई व्हिलन ठरते ती दोनच कारणांनी, सावत्र आई म्हणून नाहीतर नवऱ्याला गादी हवी म्हणून. आनंदीबाई आणि सोयराबाई, झालं, संपली यादी. रमा माधवमध्ये सोनाली कुलकर्णीने आनंदीबाई केली, छावामध्ये दिव्या दत्ताने सोयराबाई. दोघीही कसलेल्या नट्या. पण मला कायम वाटतं की हा रोल घेताना त्यांना कोणीतरी सांगावं की बाई गं, तू जी करत्येस ती इतिहासातली आहे की नाटक कादंबऱ्यांतली ते आधी बघून घे. संभाजीराजांच्याच एका दानपत्रात सोयराबाईंचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाची असा येतो. आता ते १६८० चं, त्यानंतर काय काय घडलं आणि त्यात त्यांचा हात किती यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. पण पडद्यावर आल्या की त्या पहिल्या फ्रेमपासून डोळे बारीक करूनच बघतात. नारायणराव १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारला गेला, त्या कागदावर ध चा मा नक्की कोणी केला याचा पुरावा कोणाच्या खिशात आहे? माझं टोपणनाव मी त्यासाठीच घेतलंय.

औरंगजेबाने कोणाला मारलं ते त्याच्याच दरबारी लोकांनी लिहून ठेवलंय, तिथे नटावर अन्यायाचं ओझं नाही. पण जिथे माणूस खरंच खल होता की नाही हेच ठरलेलं नाही तिथे रोल घेणाऱ्याची जबाबदारी जास्त. छावामध्ये गणोजी आणि कान्होजी शिर्के केले सारंग साठये आणि सुव्रत जोशीने, दोघंही गुणी पोरं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, शंभर कोटींच्या दाव्याची भाषा झाली, शेवटी दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. आजही तालुक्याच्या गावात ते आडनाव लावून माणसं राहतायत, त्यांच्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागलं असेल!

आणि घाशीराम कोतवाल विसरलात? १९७२, जब्बार पटेल, मोहन आगाशे नाना फडणवीस. आम्ही ज्यांना साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणून शाळेत शिकलो ते नाना कंबर हलवत येतात! पुण्यात काय वादळ उठलं होतं, पीडीए या नाट्यसंस्थेने मोजक्या प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, मग त्या मुलांनी थिएटर अकॅडमी काढून परत केलं आणि पार जर्मनीपर्यंत नेलं. आगाशे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. असा रोल करायला डॉक्टर हवा हे मी गमतीत म्हणते पण पूर्ण गमतीत नाही.

विन्या_दादरकर

काकू, दंडवत.

बऱ्यापैकी पटतंय सगळ्यांचं पण पूर्ण नाही. तुम्ही सगळ्यांनी हो म्हणणाऱ्यांची उदाहरणं दिलीत. नाही म्हणणारेही आहेत आणि मला ते जास्त जवळचे वाटतात. २०१० मध्ये अनुपम खेर एका हिंदी सिनेमात हिटलर करणार होते, जाहीरही झालं, ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि ते बाहेर पडले. मग तो रोल रघुवीर यादवने केला, म्हणजे आपल्या मुंगेरीलालने. सिनेमा २०११ मध्ये आला आणि गेला. मला वाटतं खेरांनी बरोबर केलं. प्रत्येक रोल करायलाच हवा असा काही नियम नाही.

म्युनिकची_मंजू

विन्या, पण तो सिनेमा नाकारणं आणि हिटलर नाकारणं यात फरक आहे ना. माणूस कोणत्या गोष्टीत बसवलाय त्यावर सगळं. ज्यूंनी स्वतः हे रोल केलेत. व्हेर्नर क्लेम्परर, प्रसिद्ध कंडक्टर ओटो क्लेम्परर यांचा मुलगा, १९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा कुटुंबासकट जर्मनीतून निघालेला. तो अमेरिकेत १९६१ मध्ये आइकमन झाला, म्हणजे ज्यूंच्या कत्तलीची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी, आणि नंतर 'होगन्स हीरोज' या विनोदी मालिकेत वर्षानुवर्षं जर्मन कर्नल. त्याची अट एकच होती, माझा कर्नल कधीही जिंकता कामा नये. ही अट मला फार आवडते. त्याच मालिकेत रॉबर्ट क्लॅरी नावाचा नट होता तो खरोखर बुखेनवाल्ड छावणीतून वाचलेला.

आणि बेन किंग्स्ली! आपले १९८२ चे गांधी. त्यांनी २०१८ मध्ये आइकमन केला. सेटवर रोज खिशात एली वीझेलचा फोटो ठेवायचे, वीझेल म्हणजे आउशवित्झमधून वाचलेले लेखक. भोगलेल्यांचं काय असं तू विचारलंस ना, त्यांना निदान हा प्रश्न पडला होता.

कमळाकर_बार्शी

चॅप्लिन राहिला. १९४० मध्ये द ग्रेट डिक्टेटर काढला, हिटलर जिवंत आणि जोरात असताना. पुढे आत्मचरित्रात लिहिलं की छावण्यांमध्ये खरं काय चाललंय हे तेव्हा माहीत असतं तर असली थट्टा मी करूच शकलो नसतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या नटालाही नंतर वाटलं. मी याच्यावर दोन्ही बाजूंनी विचार केला पण तो पिक्चर नसता तर वाईट झालं असतं असंच वाटतं.

गावठी_समीक्षक

बघा, चॅप्लिन, क्लेम्परर, किंग्स्ली, सगळ्यांनी काही ना काही अट किंवा कारण धरून केलं. आपल्याकडे अट काय असते? 'सर, एन्ट्रीला स्लो मोशन आणि बीजीएम पाहिजे.' अक्षय खन्नाला तर आता तोच धंदा झालाय, छावा झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात धुरंधरमध्ये कराचीचा रहमान डकैत, तोही खरा होऊन गेलेला गुंड, आणि पब्लिक त्याच्या नाचाची रील बनवतंय. हीरो रणवीर होता हो त्यात, आठवतंय का कोणाला? विन्या, तुझा मूळ प्रश्न आता असा कर की हीरोचे रोल करायला लोक तयार कसे होतात.

विन्या_दादरकर

हाहा. तरी मला विचारलं असतं तर औरंगजेब मी नसता केला. अफजलखानाचा विचार केला असता, शेर शिवराजमधला मुकेश ऋषी बघितल्यापासून, पण ती उंची कुठून आणू.

कमळाकरजी, ते 'भारत एक खोज'चे भाग कुठे मिळतील? ओम पुरी आणि नसीर समोरासमोर बघायचेत.

कमळाकर_बार्शी

यूट्यूबवर आहेत. शिवाजी महाराजांवर दोन भाग आहेत, औरंगजेबाचे वेगळे. आधी औरंगजेबाचे बघा, मग महाराजांचे. प्रिंट जुनी आहे, हेडफोन लावून बघा, नाहीतर आवाज नीट येत नाही.